कोल्हापूरच्या कलेचा जमाखर्च

राजर्षी शाहू छत्रपतींचे स्मरण महाराष्ट्रात प्रतिवर्षी होते. २६ जून हा त्यांचा जन्मदिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा १९०२ चा हुकूम, निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेली वसतिगृहे, १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश यांची त्या दिवशी उजळणी होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु त्यांच्या कारकीर्दीचे आणखी एक अंग आहे. नाटकगृह, कुस्त्यांचे मैदान, गवई, चित्रकार आणि मल्ल यांवर दरबाराने केलेला खर्च हे ते अंग होय. संस्थानिकांची हौस या सदरात ढकलून देऊन त्याची वासलात लावली जाते. हा खर्च खरोखर हौसेचा होता की गुंतवणुकीचा, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचारला म्हणजे कोल्हापूरच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. अंदाजपत्रकात कलेच्या तरतुदीला कात्री लावणे सर्वांत सोपे समजले जाते. म्हणून हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे प्रत्यक्ष हाती घेतली, तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. हाती आलेले संस्थान शेतीवर जगणारे होते. पाऊस लहरी, पाटबंधारे तुटपुंजे आणि उत्पन्नाचा मुख्य आधार शेतसारा, अशी स्थिती होती. कारभार हाती येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. राज्यकर्त्याला आपल्या प्रजेच्या उपजीविकेचा विचार करावयास लावणारी ही शाळा कठोर होती.

तिच्यातून त्यांनी जे धडे घेतले ते त्यांच्या पुढील कामांत दिसतात. १८९५ साली त्यांनी शाहूपुरीची पेठ वसवली. कोल्हापूरच्या गुळाला तेथे हक्काची बाजारपेठ मिळाली आणि गुळाचे नाव दूरवर गेले. १९०६ साली कापूस कातण्या-विणण्याच्या गिरणीचा पाया घातला गेला. भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. या तिन्ही कामांत एक सूत्र आहे. पैसा वाटून दारिद्र्य हटत नाही. उत्पादकाला जागा, पाणी, यंत्र आणि गिऱ्हाईक मिळवून द्यावे लागते, हे ते सूत्र. कलेच्या बाबतीतही महाराजांनी तेच केले, ही गोष्ट मात्र फारशी ध्यानात घेतली जात नाही.

मैदान आणि नाटकगृह

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी युरोपातील इतर शहरेही पाहिली. रोममधील प्राचीन वर्तुळाकार प्रेक्षागाराचे भग्नावशेष त्यांच्या मनात ठसले आणि परत आल्यावर त्या धर्तीवर कुस्त्यांचे मैदान बांधण्याची कल्पना त्यांनी मनात धरली. स्वतः तालमीच्या मातीत वाढलेल्या राजाला ती सुचावी हे स्वाभाविकच होते. खासबागेतील हे मैदान १९१२ साली पुरे झाले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे. हजारो माणसांना एकाच वेळी, कोणाच्याही डोक्याचा अडथळा न होता, कुस्ती पाहता यावी असे ते बांधले आहे. त्याला लागूनच पॅलेस थिएटर हे नाटकगृह उभे राहिले आणि १९१५ साली ते खुले झाले. १९५७ सालापासून ते संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाते.

राजवाड्यात खासगी रंगमहाल बांधणारे संस्थानिक हिंदुस्थानात पुष्कळ होते. निमंत्रित सरदार-मानकऱ्यांपुढे नाच-गाणे व्हावे, कलावंताला शालजोडी आणि मोहरा मिळाव्यात, आणि कलावंताने धन्याचा जयजयकार करीत पुढच्या दरबाराची वाट धरावी, ही आश्रयाची जुनी रीत होती. खासबाग आणि पॅलेस थिएटर या वास्तू तिच्याहून निराळ्या आहेत. त्या गावाच्या मध्यवस्तीत आहेत आणि गावासाठी आहेत. तेथे येणाऱ्या नाटक मंडळीचा पोशिंदा राजा एकटा राहत नाही. तिकीट काढून पिटात बसणारा कारकून, शिक्षक, व्यापारी आणि बाजाराला आलेला शेतकरी हे सारे तिचे पोशिंदे होतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर महाराजांनी कलेला अनुदान दिले तसेच तिच्यासाठी मागणीही निर्माण केली.

या मागणीचा पैसा केवळ नटांच्या खिशात जात नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. संगीत नाटकाची एक मोठी मंडळी गावात मुक्कामाला आली म्हणजे तिच्या बिऱ्हाडाला जागा लागे, पन्नास-शंभर पानांचा स्वयंपाक लागे, किराणा, दूध आणि सरपण लागे. शालू-पैठण्या, दागिने, टोप, रंग, पडदे, लाकडी चौकटी, दिवे, पेटी आणि तबल्याची दुरुस्ती, जाहिरातींची छपाई या प्रत्येक गोष्टीमागे गावातला एखादा कारागीर उभा असे. प्रेक्षकांना ने-आण करणारा टांगेवाला आणि मध्यंतरात चहा विकणारा हेही त्या साखळीतलेच. कुस्तीचे तेच आहे. तालमीत शंभर पोरे घुमू लागली की त्यांच्या खुराकासाठी दूध, तूप, बदाम लागतात. कोल्हापुरात म्हशी थेट कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची जी चाल आहे, तिला या पैलवानी शौकाने मोठाच आधार दिला. म्हणजे हौद्यात मल्ल लढतो आणि त्याच्या खुराकाचा पैसा आसपासच्या खेड्यांतील गवळ्याच्या घरी पोचतो. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावे पुढे देशभर झाली. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे. पण त्यांची कुस्ती घडली ती कोल्हापुरात.

पडद्यापासून कॅमेऱ्यापर्यंत

या गुंतवणुकीचे सर्वांत लक्षणीय फळ मात्र महाराजांनी कदाचित कल्पिलेही नसेल. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या त्या काळात रंगविलेल्या पडद्यांना मोठे महत्त्व होते. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ हे सारे कापडावर खरे वाटावे असे उतरविणाऱ्या कारागिराला मंडळ्या सन्मानाने बोलावीत. कोल्हापूरच्या सुतार-मिस्त्री कुटुंबातील आनंदराव आणि बाबूराव हे दोघे भाऊ या कामात अग्रगण्य ठरले आणि पेंटर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. पडद्यावरील स्थिर चित्र हलते करण्याच्या ध्यासाने दोघांनी कॅमेरा घरी बनविण्याचा उद्योग आरंभिला. आनंदराव १९१६ साली निवर्तले, तरी बाबूरावांनी तो तडीस नेला. महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात निघाली, तिला दरबाराचे साह्य मिळाले आणि १९२० साली तिचा सैरंध्री हा मूकपट पुण्यात झळकला.

या कंपनीच्या भांडवलाची हकीकत अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. नवख्या धंद्याला, तोही चित्रपटासारख्या बेभरवशाच्या धंद्याला, सावकार सहजासहजी उभा राहत नाही. बाबूरावांना पैसा पुरविला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. गाण्याच्या मैफलींतून साठलेली पुंजी चित्रपटाचे भांडवल झाली. कोल्हापुरात गाण्याला कदर होती म्हणून गायिकेजवळ शिल्लक पडली. नाटकाला कदर होती म्हणून पडदे रंगविणारे हात तयार झाले. या दोहोंची गाठ पडली आणि एक नवा उद्योग जन्मास आला. कोणत्याही नियोजन मंडळाने अशी योजना आखली नव्हती. परंतु जेथे गाणे नाही, नाटक नाही, रंगकाम नाही, तेथे ही गाठ पडणे शक्यच नव्हते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी १९२९ साली सीतारामपंत कुलकर्णी या सराफाच्या भागीदारीत प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ चा अयोध्येचा राजा हा मराठीतला पहिला बोलपट कोल्हापुरातच तयार झाला. त्यात हरिश्चंद्राचे काम करणारे आणि त्याला संगीत देणारे गोविंदराव टेंबे हेही कोल्हापूरच्याच गायन-नाटकाच्या परंपरेत वाढलेले. दामले-फत्तेलालांच्या संत तुकाराम या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. गांधी चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळविणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्या. त्यांचे चित्रकार वडील बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी संबंधित होते. नाटकाच्या पडद्यापासून निघालेला हा धागा इतका लांब जातो.

हिशेबाची दुसरी बाजू

येथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संस्थानच्या तिजोरीतला रुपया शेवटी शेतकऱ्याच्या साऱ्यातून आलेला होता. नाटकगृह १९१५ साली पुरे झाले. भोगावतीवरील राधानगरीचे धरण मात्र महाराजांच्या हयातीत अर्धवटच राहिले आणि ते पूर्ण व्हावयास १९५७ साल उजाडावे लागले. शेतकऱ्याला पाणी आधी की शहराला नाटक आधी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

याचे उत्तर असे की, या दोन खर्चांची जातकुळी आणि परिमाण अगदी भिन्न आहेत. मोठे धरण हे एका लहानशा संस्थानच्या आवाक्यापलीकडचे काम होते. नाटकगृहाचा पैसा तिकडे वळविल्याने ते पुरे झाले असते असे मानावयास आधार नाही. शिवाय पाणी आणि नाटक यांत राजाने एकाचीच निवड केली असे झालेले नाही. एकाच दशकात गिरणी, धरण, शाळा, वसतिगृहे, मैदान आणि नाटकगृह ही कामे त्याने समांतर चालविली. कला ही शेती-उद्योगाची पर्यायी वस्तू नसून त्यांच्या जोडीला चालणारा धंदा आहे, अशी दृष्टी त्यामागे होती. पुढे काळाने दिलेला निकालही बोलका आहे. गिरणी कालांतराने बंद पडली. नाटकगृह मात्र महाराजांच्या मागे शतकभर चालत राहिले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कलेतून येणारा पैसा कोणाच्या घरी जातो? आपल्या समाजात कारागिरी जातीला जखडलेली होती. कातडे कमावणारा, दोर वळणारा, वाद्य वाजविणारा यांचे कौशल्य गावाला हवे होते. परंतु त्याची किंमत रोख न देता बलुत्याच्या पेंढीत भागविली जाई आणि माणूस मात्र वेशीबाहेर ठेवला जाई. अशा व्यवस्थेत कलेची भरभराट झाली तरी कलावंताची होत नाही. शाहू महाराजांचे सामाजिक कार्य आणि त्यांचा कलाश्रय हे दोन वेगळे विषय नाहीत, हे येथे उमगते. १९१८ साली त्यांनी बलुतेदारीची सक्ती आणि महार वतन कायद्याने नाहीसे केले. आपले कसब कोणाला आणि कोणत्या मोलाने विकावे हे ठरविण्याचा अधिकार माणसाला मिळावा, हा त्याचा अर्थ. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः आपल्या लवाजम्यासह तेथे जाऊन चहा घेतला. दुकान काढून देणे सोपे होते. गिऱ्हाईक मिळवून देणे कठीण होते, आणि राजा स्वतःच पहिले गिऱ्हाईक झाला.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरातील एका नामांकित कंपनीच्या प्रदर्शनात तिच्याच घडणीची पादत्राणे कोल्हापूरचा उल्लेखही न करता मांडली गेली, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली आणि कंपनीला या परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. संताप योग्यच होता. पण ती चप्पल शिवणाऱ्या कारागिराला तिच्या किमतीतला किती वाटा मिळतो, हा प्रश्न परदेशी कंपनीइतकाच आपल्या पेठांतील दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांनाही विचारला पाहिजे.

राजामागे काय उरले

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या मागे काय गेले आणि काय राहिले, याचा ताळा पाहण्यासारखा आहे. संगीतातील जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ हे दरबाराचे गवई म्हणून पुष्कळ वर्षे कोल्हापुरात राहिले होते. महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईस गेले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांच्या गळ्यातून त्यांची गायकी जगापुढे आली ती मुख्यतः मुंबईहून. खाँसाहेबांचे येथील वास्तव्य कोल्हापूरच्या कानाला वळण लावून गेले हे खरे; त्यांचे पुत्र भूर्जीखाँ यांच्यामुळे घराण्याचा धागा गावाशी जुळून राहिला हेही खरे. तरीही केवळ तनख्यावर उभा असलेला आश्रय आश्रयदात्याबरोबर संपतो, हा नियम येथे प्रत्ययास आला.

याउलट जेथे वास्तू होती, शिकविणारे वस्ताद होते आणि पैसे मोजणारा प्रेक्षक होता, तेथे राजा गेल्यावरही व्यवहार चालू राहिला. तालमी चालू राहिल्या, खासबागेत कुस्त्यांचे फड भरत राहिले, नाटकगृहाचा पडदा वर जात राहिला. चित्रपटाचा धंदा तर राजामागे अधिकच वाढला. अर्थात त्यालाही मर्यादा होत्या. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली. अधिक मोठी बाजारपेठ आणि अधिक सोयी जिकडे असतील तिकडे उद्योग जातो, हा अर्थशास्त्राचा नियम कलेलाही सुटत नाही. पण प्रभात गेल्यावर कोल्हापूर ओसाड पडले नाही. राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूर सिनेटोन निघाली आणि भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत दीर्घकाळ चित्रपट काढले. रंगारी, सुतार, शिंपी, छायाचित्रकार, वादक यांचे कसब गावात मुरलेले होते. एक कंपनी गेली तरी ते कसब दुसरीच्या कामी आले. स्थानिक कलेची खरी संपत्ती ही अशी असते. ती कोणा एका संस्थेच्या ताळेबंदात दिसत नाही.

यातून आजच्या कारभाऱ्यांनी काय घ्यावे? पुरस्कार, मानधने आणि महोत्सव यांवर होणारा खर्च वाईट नाही. परंतु तो शालजोडीच्या जातीचा आहे. समारंभ संपला की त्याचा परिणामही संपतो. तालुक्याच्या गावी परवडणाऱ्या भाड्याचे, नीट राखलेले नाट्यगृह. वादक, रंगारी आणि शिवणकाम करणारे कारागीर यांना शिकाऊ मुले ठेवता यावीत अशी व्यवस्था. शाळकरी मुलांना प्रेक्षक म्हणून घडविणारे सवलतीचे प्रयोग. कारागिराच्या मालाला दलालाशिवाय मिळणारे गिऱ्हाईक, या गोष्टी दिसावयास लहान असल्या तरी त्या बाजारपेठ घडवितात. अशा खर्चाचा मोबदला एका आर्थिक वर्षात मोजू गेल्यास हाती शून्य येईल. पॅलेस थिएटरच्या खर्चाचा हिशेब कोणी १९१६ साली मांडला असता, तर त्यात चार वर्षांनी येणारा सैरंध्री दिसला नसता आणि सोळा वर्षांनी येणारा अयोध्येचा राजाही दिसला नसता.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि थोड्याच वेळात ती शंभरी ओलांडलेली वास्तू जळून गेली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. जळक्या भिंतींपुढे जमलेल्या नटांच्या आणि तंत्रज्ञांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यात स्मृतींचा भाग होता, तसाच पोटाचाही होता. प्रकाशयोजना करणारा, नेपथ्य उभारणारा, वेशभूषेचे सामान भाड्याने देणारा, बाहेर वडापाव विकणारा, या साऱ्यांचे प्रयोगागणिक मिळणारे उत्पन्न त्या रात्री थांबले. शासनाने निधी जाहीर केला आणि नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले गेले, हे योग्यच झाले. मात्र दगड-विटांबरोबर तेथे परवडणारे भाडे, नित्याचे प्रयोग आणि मागच्या बाकावर बसणारा साधा प्रेक्षकही परत आणावा लागेल. शाहू महाराजांनी नाटकगृह बांधले तेव्हा ते त्याच प्रेक्षकासाठी गावाच्या मधोमध बांधले होते.